शून्य, एक, चार, दोन

दादासाहेब फाळके आमच्या त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तो मुका. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवत आणि तरी लोक तिकिटं काढून बघत. पुढे फाळक्यांनी नाशकातच बस्तान बसवलं, एकामागून एक मूकपट काढले. बोलपट त्यांनी एकच दिग्दर्शित केला, १९३७ सालचा 'गंगावतरण', आणि तोच त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. आवाजाच्या नादी लागलं की काय होतं, याचा इतका जवळचा दाखला जिल्ह्यात उपलब्ध असताना मी आवाज सुधारायला निघालो. तोही तोंडातून निघणारा नव्हे, भिंतीवरून परतणारा.

गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये दहा बाय बाराची एक खोली आहे. कागदोपत्री ती पाहुण्यांची. पण नाशकात पाहुणे येतात ते त्र्यंबकला, वणीला नाहीतर शिर्डीला जायला. आमच्याकडे ते फक्त आंघोळ करतात. त्यामुळे खोली एरवी रिकामीच. तिच्यात मी बऱ्यापैकी अँप्लिफायर आणि दोन स्पीकर आणून ठेवले, एक आरामखुर्ची टाकली आणि घरात जाहीर केलं की आजपासून ही ऐकण्याची खोली.

"बाकीच्या खोल्यांत तुम्ही ऐकत नाही, हे ठाऊकच होतं," बायको म्हणाली.

इथवर सगळं सुरळीत होतं. बिघडलं ते टाळीमुळे. खोली कशी आहे हे कळायला म्हणे मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवायची. समोरासमोरच्या दोन भिंती उघड्याबोडक्या असल्या की आवाज त्यांच्यात येरझाऱ्या घालत राहतो आणि टाळीच्या शेपटाला एक बारीक 'टर्रर्र' ऐकू येतं. ध्वनिशास्त्रात त्याला फ्लटर एको म्हणतात. मी टाळी वाजवली. टर्रर्र झालं. त्या क्षणापासून मला गाणं ऐकू येईनासं झालं आणि टर्रर्र तेवढं ऐकू येऊ लागलं. भीमसेन जोशी तान घेताहेत आणि मी कान टवकारून बसलोय तो त्यांच्या मागे येणाऱ्या भिंतीसाठी.

मग जडली ती टाळीची खोड. कुठल्याही नव्या जागेत शिरलो की हात आपोआप वर जात. पांडवलेण्यांतल्या चैत्यगृहात वाजवली. तिथं ती झकास घुमली आणि रखवालदारानं हटकलं. एका लग्नात मंगल कार्यालयाचं छत आजमावायला वाजवली, तर भटजी अजून तिसऱ्या मंगलाष्टकात असताना बँडवाल्यांनी दणकून सुरुवात केली आणि नवरीनं हार घातलाही.

पण कळस झाला तो नात्यातल्या एका काकांच्या दुखवट्याला. त्यांचा बंगला मोठा, दिवाणखाना त्याहून मोठा. खाली चकचकीत संगमरवर, सोफे हलवलेले, पडदे धुवायला काढलेले, एका भिंतीशी हार घातलेला फोटो आणि समोर सतरंजीवर माना खाली घालून बसलेली मंडळी. एक शब्द कुणी बोलत नव्हतं. इतकी उघडी, इतकी कडक, इतकी समांतर भिंत मी आयुष्यात पाहिली नव्हती. माझी टाळी वाजून गेली तेव्हा मला कळलं की ती मी वाजवलीय. टर्रर्र अप्रतिम होतं. सगळ्या माना वर आल्या. बायकोनं प्रसंगावधान राखून दुसरी टाळी वाजवली आणि मोठ्यानं रामनाम सुरू केलं. लोकांना वाटलं, यांच्याकडे अशी पद्धत असेल. मग सगळेच टाळ्या वाजवत रामनाम घेऊ लागले. काकूंनी डोळ्याला पदर लावला. दिवाणखान्याच्या चारी कोपऱ्यांतून टाळ्या, आणि मी मधोमध. एखाद्या जागेचा इतका कसून अभ्यास करायला मला पुन्हा कधी मिळाला नाही. परतीच्या वाटेवर रिक्षात बायको माझ्याशी बोलली नाही. रिक्षा उघडी असल्यामुळे मीही टाळी वाजवली नाही.

पुढची पायरी वाचनाची. माणसाला स्वतःच्या खर्चानं वेडं व्हायचं असेल तर वाचनासारखं साधन नाही. वाचता वाचता मला सापडले वॉलेस सॅबिन. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्डला फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधून तयार झालं आणि लक्षात आलं की तिथं प्राध्यापकांचा एक शब्द पुढचे पाच-साडेपाच सेकंद घुमतो. म्हणजे पहिलं वाक्य संपायच्या आत त्याच वाक्याचे आधीचे शब्द येऊन त्याच्यावर बसतात. हा घोळ निस्तरायचं काम सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकावर आलं. ते रात्री-बेरात्री जवळच्या सँडर्स थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणत, एकेक गादी वाढवत, ऑर्गनची नळी वाजवून तो सूर विरायला किती वेळ लागतो हे मोजत, आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवत. त्यातून सूत्र निघालं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ने गुणा, आणि खोली एकूण किती आवाज शोषते त्या आकड्यानं भागा. घुमण्याचे सेकंद मिळतात. याच सूत्राच्या जोरावर सॅबिन यांनी १९०० साली उघडलेल्या बोस्टनच्या सिंफनी हॉलला सल्ला दिला, आणि तो हॉल आजही जगातल्या उत्तम सभागृहांत गणला जातो.

या कथेतला गाद्या आणण्याचा भाग मी तंतोतंत उचलला. घरातल्या यच्चयावत गाद्या, लोड, तक्के, रजया, आईनं पेटीत जपून ठेवलेल्या गोधड्या, सगळं त्या खोलीच्या भिंतींना टेकवून उभं केलं. सकाळच्या आत परत ठेवण्याच्या भागाकडे तेवढं लक्ष दिलं नव्हतं. नेमकी त्याच रात्री सासुरवाडीची मंडळी सप्तशृंगीला जायची म्हणून उतरली आणि चटयांवर झोपली. सासरे सकाळी कंबर धरून उठले. "जावईबापू, गाद्या पिंजायला दिल्यात का?" त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, "नाही, गाद्या गाणं ऐकताहेत."

त्यातून गाणंही सुधारलं नाही. गादी वरच्या पट्टीतला आवाज झकास गिळते आणि खालच्या घुमाऱ्याला हात लावत नाही. त्यामुळे टर्रर्र गेलं, पण गवई गोधडी पांघरून गायला बसलेत असं वाटू लागलं. सतार नुसती पुटपुटत होती.

मधे अंड्यांच्या ट्रेचंही एक प्रकरण झालं. बँडवाली पोरं भिंतींना अंड्याचे ट्रे चिकटवतात, हे मी पाहिलं होतं. म्हणून एका ठोक व्यापाऱ्याकडून रिकाम्या ट्रेंची चळत आणली. तो पुठ्ठा इतका पातळ असतो की आवाज त्याला फारशी भीक घालत नाही, शिवाय ठिणगी पडली तर भडका, हे मला नंतर समजलं. आईला आधीच समजलं होतं. दिवस एकादशीचा होता. ट्रे जिन्यातूनच परत गेले.

आणि मग मला मानफ्रेड श्रोडर भेटले. हे जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन विद्यापीठाचे प्राध्यापक, आधी अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत काम केलेले. त्यांचं म्हणणं असं की आवाज खाऊ नका, विखुरा. सपाट भिंतीवरून आवाज जसाच्या तसा उलटतो. पण भिंतीला कमीजास्त खोलीचे खण पाडले, तर प्रत्येक खणाच्या तळाशी जाऊन परतायला आवाजाला वेगवेगळा वेळ लागतो, परत येणाऱ्या लाटा एकमेकींशी जुळत नाहीत, आणि आवाज एका दिशेनं उसळण्याऐवजी पंख्यासारखा पसरतो. आता खण किती खोल करायचे? इथं श्रोडर १९७९मध्ये थेट अंकशास्त्रात शिरले. सातसारखी एखादी मूळ संख्या घ्या. शून्यापासून सहापर्यंतच्या आकड्यांचे वर्ग करा, त्यांना सातनं भागा आणि बाकी लिहा: शून्य, एक, चार, दोन, दोन, चार, एक. याच प्रमाणात खण खोदा. वर्गांच्या या बाक्यांवर ग्यॉटिंगेनच्याच गाउसनं १८०१ साली मोठा ग्रंथ लिहून ठेवला होता. त्यात दिवाणखान्याचा उल्लेख नव्हता, तेवढं श्रोडर यांनी पुरं केलं.

माझी तर समाधी लागली. शाळेत बाकी उरली की छडी मिळायची; इथं बाकी उरल्यावर संगीत मिळत होतं. 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी उगाच उगाळली. माझी तक्रार त्याच्या बरोबर उलट होती: अंगण फार सरळ आहे, ते मला वाकडं करून हवं होतं.

गंमत म्हणजे नाशिकच्या जुन्या वाड्यांत हे सगळं न मागता मिळत होतं. तुळया, कडीपाट, नक्षीचे खांब, महिरपी, कोनाडे, दिवळ्या. आवाजाला सरळ उलटायला हातभर सपाट जागा मिळायची नाही. व्हिएन्नाच्या १८७० सालच्या म्युझिकफेराइन सभागृहाचा आवाज इतका नावाजला जातो, त्यातही तिथल्या पुतळ्यांचा, सज्जांचा आणि नक्षीदार छताचा वाटा मोठा आहे. आमचाही एक वाडा होता. तो आम्हीच बिल्डरला दिला, बदल्यात सुरीनं कापल्यासारख्या सरळ भिंतींचा फ्लॅट घेतला, वरून पुट्टी मारून त्या आणखी गुळगुळीत केल्या, आणि आता त्यांना कोनाडे पाडायला मी प्लायवूडचा भाव काढत होतो.

पाचशे हर्ट्झपासून वरचा आवाज विखुरायचा तर हिशेब सोपा निघाला. एका आकड्याला साधारण पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच. खण झाले शून्य, दोन, आठ, चार, चार, आठ, दोन इंच. कागद घेऊन मी आमच्या मिस्त्रींकडे गेलो.

हे मिस्त्री जुन्या वळणाचे. गुण्या, ओळंबा आणि लेव्हलपट्टी ही त्यांची तीन दैवतं. चौकट एक सूत बाहेर गेली तर त्यांना जेवण जात नाही. त्यांनी कागद चष्म्याजवळ नेला, मग लांब धरला.

"ड्रॉवर करायचेत का साहेब?"

"नाही, नुसते उभे खण. मधे पातळ पट्ट्या, आणि प्रत्येक खणाची खोली वेगळी."

"ठेवायचं काय त्याच्यात?"

"काही नाही."

"मग खण कशाला?"

"आवाजासाठी."

मिस्त्रींनी माझ्याकडे, मग आत बायकोकडे पाहिलं. "आवाज ठेवायला?"

"ठेवायला नाही. आलेला परत पाठवायला."

मिस्त्रींनी पेन्सिल कानावर खोचली आणि आगाऊ रक्कम मागितली. एरवी ते आमच्याकडे आगाऊ मागत नाहीत.

पहिला पॅनेल घेऊन ते आले तेव्हा चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. मी पाहिलं तर शून्यापासून आठ इंचांपर्यंत सगळे खण एका चढत्या ओळीत. "तुमचे आकडे मागंपुढं झाले होते साहेब," ते म्हणाले, "मी लायनीत लावून दिले. बघा, कसा जिना उतरल्यासारखा दिसतोय. याचे पैसे नको." मी त्यांना खाली बसवलं, चहा दिला आणि समजावलं की आकडे मागंपुढं होण्यातच सगळी मख्खी आहे, हे गणित गाउस नावाच्या फार थोर जर्मन माणसाचं आहे.

"त्यांच्या घरी हेच बसवलंय का?"

"नाही. ते १८५५ साली वारले."

"मग बसवून बघितलं कुणी?"

या प्रश्नावर मी त्यांना दुसरा चहा दिला. पॅनेल खोलून पुन्हा जुळवण्याचे पैसे मात्र त्यांनी घेतले. "सरळ केलं ते फुकट," ते म्हणाले, "वाकडं करायची मजुरी पडते."

इकडे प्लायवूडचे ताव लिफ्टमध्ये मावेनात म्हणून जिन्यातून चढले आणि अख्ख्या सोसायटीत बातमी पसरली की अमुक नंबरवाले खोली साउंडप्रूफ करताहेत. सेक्रेटरी चौकशीला आले. मी त्यांना जीव तोडून सांगितलं की साउंडप्रूफ ही चीजच निराळी. तिला जाड, जड भिंती लागतात, दारा-खिडकीच्या फटी बुजवाव्या लागतात. मी जे करतोय त्यानं आतला आवाज बाहेर जायचा थांबत नाही की बाहेरचा आत यायचा थांबत नाही. तो आतल्या आत नीट पसरतो, बस्स. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे पैसे घालून आवाज तेवढाच राहणार?" त्यांनी विचारलं. माझ्या संपूर्ण योजनेचं इतकं नेमकं वर्णन मलाही जमलं नसतं.

त्यांचा अर्थातच विश्वास बसला नाही. पहिल्या मजल्यावर ठरलं की मी घरात क्लास काढतोय, तेव्हा मेंटेनन्स व्यापारी दरानं लावा. दुसऱ्या मजल्यावर ठरलं, यूट्यूब चॅनेल. आणि भिशीतल्या बायकांनी सगळ्यात सरळ अनुमान काढलं. नवरा-बायको आणि साउंडप्रूफ खोली, यात समजायचं ते माणूस समजतो. दोघीतिघींनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "काही असलं तर सांग गं, मनात ठेवू नकोस." बायको म्हणाली, "भांडण असतं तर बरं होतं. त्यात निदान दोघं बोलतात."

पॅनेल भिंतीवर चढायचा दिवस आला तेव्हा मी ऑफिसात होतो. घरी आलो तर चारही पॅनेल आडवे ठोकलेले. खण उभे असले तर आवाज डावी-उजवीकडे पसरतो. आडवे केले की तोच छत आणि फरशी यांच्यात वाटला जातो. पण मिस्त्रींच्या दृष्टीनं उभ्या खणाला जगात काही अर्थच नव्हता. आडवा केल्याबरोबर तो फळी झाला, आणि फळी झाल्याबरोबर आईनं ताब्यात घेतला. आठ इंची खणांत जुने दिवाळी अंक बसले होते. चार इंचींत बीपीच्या गोळ्या, बाम आणि अमृतांजन. दोन इंचींत जपमाळ आणि वाचायचा चष्मा. "काम छान केलंय हो मिस्त्रीनं," आई म्हणाली. "हा एक खण तेवढा वाया घालवला, त्यात काही राहतच नाही." तिनं बोट ठेवलं होतं ते गाउसच्या शून्यावर.

पॅनेल उभे करून घेतले. त्या धांदलीत गोळ्या आणि जपमाळ कुठं गेल्या ते दिवाळीच्या साफसफाईत कळलं.

आता प्रश्न बसण्याचा. विखुरलेल्या लाटा एकमेकींत मिसळून यायला थोडं अंतर लागतं. पॅनेलपासून निदान तीन लाटांच्या लांबीइतकं दूर बसा, असं जाणकार सांगतात. पाचशे हर्ट्झची लाट असते एकोणसत्तर सेंटिमीटरची. तीन लाटा म्हणजे दोन मीटर, साडेसहा फुटांच्या वर. खोली बारा फुटांची. त्यातून पॅनेलची जाडी आठ इंच गेली, समोरच्या भिंतीपासून स्पीकर दोन फूट पुढे ओढलेले. राहिलं काय? माझं डोकं आणि स्पीकर यांच्यात जेमतेम पावणेतीन फूट. आरामखुर्ची त्यात बसेना, म्हणून स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. कुमार गंधर्व ऐकताना गुडघे स्पीकरच्या स्टँडला लागत. पाहुणा आला तर त्याला दारात उभं राहून ऐकावं लागे.

आणि ऐन त्याच सुमाराला गणपती जवळ आले. नाशिकचा ढोल काय चीज आहे हे महाराष्ट्राला सांगायला नको. गोदाकाठापासून मोकळ्या मैदानांपर्यंत जिथं जागा मिळेल तिथं पथकांचा सराव सुरू झाला. आमच्या सोसायटीमागे एक मैदान आहे. पन्नास हर्ट्झच्या आसपासची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, माझ्या खोलीच्या जवळपास दुप्पट. तिला आठ इंचांचा खण दिसतही नाही. ढोलाचा ठोका खिडकीतून आत येई, गाउस, श्रोडर आणि मरीन प्लाय यांना ओलांडून थेट माझ्या स्टुलाखाली शिरे. टाळीचं टर्रर्र मात्र गेलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. ढोल थांबले की मी उठून टाळी वाजवायचो आणि ती किती सुरेख मरते हे ऐकायचो.

विसर्जन झालं, मैदान शांत झालं आणि पुण्यात रेकॉर्डिंगचं शिक्षण घेणारा माझा भाचा राहायला आला. इतक्या खर्चाला कुणीतरी जाणता श्रोता हवाच होता. त्याच्यासाठी मी मुद्दाम बापूराव पलुस्कर निवडले. द. वि. पलुस्कर म्हणजे नाशिकचं देणं. त्यांचा जन्म इथला, १९२१चा. वडील विष्णु दिगंबर यांनी पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढलेला. जुन्या तबकडीवरून उतरवलेलं त्यांचं भजन मी लावलं, भाच्याला दारात उभं केलं आणि स्टुलावर डोळे मिटून बसलो.

"ऐक," मी म्हणालो. "डावीकडे तबला. अगदी चार फुटांवर. उजवीकडे, किंचित मागे, पेटी. बुवा बरोबर मधोमध. आणि तानपुरा बघ, पार भिंतीपलीकडे गेलाय. आधी हे सगळं एकाच ठिकाणी गोळा झालं होतं. पॅनेल लागले आणि मैफल मांडली गेली."

भाचा गप्प होता. मला वाटलं, भारावला.

"मामा, बापूराव गेले कधी?"

"१९५५. उणीपुरी चौतीस वर्षं आयुष्य. फार हळहळ..."

"स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८ला."

"बरं मग?"

"ही मोनो आहे मामा. दोन्हीकडून एकच आवाज येतो हिच्यात. डावं-उजवं नाहीच."

मी डोळे उघडले नाहीत. "ते पॅनेलमुळे," मी म्हणालो.

"पॅनेल तबला उचलून डावीकडे ठेवत नाही." तो थोडा घुटमळला. पोरगा संस्कारी आहे. "आणि मामा, तुमचा डावा स्पीकर बंद आहे."

पॅनेल आडव्याचे उभे करताना वायर निसटली होती. म्हणजे मधली सगळी मैफल मी एका स्पीकरवर मांडत होतो. दाराशी आई उभी होती. "तरी म्हटलं," ती म्हणाली, "हल्ली गाणं जरा कमी त्रास देतंय."

त्या रात्री स्टुलावर बसून मी पुष्कळ विचार केला. माणसाच्या अंगात सगळ्यात तिखट कान असतो तो खिशाला. खर्च झाला की त्याला ऐकू येतंच. मग वायर जोडलेली असो नसो. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या अंतराळात गेल्या, त्यांत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, जेमतेम साडेतीन मिनिटांची. त्या तबकडीला ना भिंत, ना छत, ना फ्लटर एको, ना मैदानातला ढोल. इतकी निर्दोष जागा ध्वनिशास्त्रात दुसरी नाही. फक्त तिथं हवा नसल्यामुळे काही ऐकू येत नाही. आदर्श खोली मिळवायची ती अशीच मिळते.

वायर जोडली. पॅनेल आहेत तिथंच आहेत, कारण ते काढायची मजुरी मिस्त्रींनी बसवण्याहून जास्त सांगितली. मिस्त्रींचं मात्र बरं चाललंय. 'साउंडवाली भिंत' म्हणून त्यांनी हेच टीव्हीच्या मागे लावायला सुरुवात केलीय. खण सगळे एका मापाचे, आत एलईडीच्या पट्ट्या, लोक खूश. परवा त्यांचा फोन आला. "साहेब, अंबडचे एक कारखानदार आहेत. त्यांना तुमच्यासारखं वाकडं पाहिजे. बघायला पाठवू का?"

ते आले. माणूस भला, स्पीकर माझ्याहून महाग घेतलेले, टाळीची खोड लागलेली. दारातून आत येतानाच वाजवली. आमची ओळख पटायला एवढं पुरेसं होतं. मी त्यांना स्टुलावर बसवलं, श्रोडर सांगितले, गाउस सांगितले, शून्याचा खण दाखवला आणि बापूरावांचं तेच भजन लावलं. त्यांनी डोळे मिटले. मान डोलायला लागली.

"काय हो, तबला साफ डावीकडे आहे," ते म्हणाले.

"थोडे उजवीकडे सरकून बसा," मी म्हणालो, "तानपुराही सापडेल."